मालविकाची बँक

३ मार्च २०१४

बँक तिला दिली!

मालविकाला. येऊन चार महिने झालेत, प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ, संपलेला नाही— आणि आमच्या कंपनीच्या ऑनलाइन खेळातली बँक तिच्याकडे! दोन वर्षांपूर्वी मीच सुचवलं होतं. 'हाफेनश्टाट' या आमच्या खेळात जुन्या खेळाडूंकडे खेळातले पैसे, टालर, नुसते पडून असतात. ते त्यांनी बँकेत ठेवावेत, नव्यांनी कर्जाऊ घ्यावेत, जहाज बांधावं, व्याजासकट फेडावेत. तेव्हा बेर्न्ड म्हणाला, "लोक खेळतात ते कर्ज विसरायला!" सगळे हसले. मीपण हसलो, साहेब आहे ना तो. आज तेच तिनं सांगितलं तर हाच टेबलावर हात आपटून— "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर!

ती म्हणे सांगलीला सहकारी बँकेत पाच वर्षं होती. आणि मी? सहा वर्षं इथे स्टुटगार्टला बसून या खेळातल्या पावाचे, दोरखंडाचे, माशांचे भाव सांभाळतोय.

५ मार्च

तिचं जर्मन म्हणजे धमाल. एकाही शब्दाचं लिंग, डेअर-डी-डास, बरोबर येत नाही. सगळ्यांना गोड वाटतं. मी सी-वनची वरची परीक्षा पास झालो, माझं जर्मन कुणाला गोड वाटलं नाही.

९ मार्च, रविवार

बायकोनं, सुकन्यानं, तिला जेवायला बोलावलं. मला न विचारता! लोणच्याची बरणी घेऊन आली, नको म्हणताना भांडी घासली. बोलता बोलता म्हणाली, "विनयदादा, बेर्न्ड म्हणाला ही कल्पना आधी तुमचीच होती. मग तुम्हाला का नाही दिली हो?"

अगदी सरळपणे विचारलं. मी रश्श्याची वाटी बाजूला सारली.

"त्यालाच विचार," म्हणालो.

ती गेल्यावर सुकन्या म्हणाली, "किती निर्मळ आहे रे." मी टीव्ही लावला.

१९ मार्च

मालविकानं बँकेचा सगळा आराखडा माझ्या टेबलावर ठेवला. बावीस पानं. चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला— इथे लिहायला काय हरकत आहे, कोण वाचतंय!

पण चौदाव्या पानावर भोक आहे. समजा, एका माणसानं दोन खाती उघडली— पहिल्या खात्यावर कर्ज घेतलं, त्या पैशांत स्वतःच्याच दुसऱ्या खात्याकडून एक सडका मासा पाचशे टालरला विकत घेतला, आणि पहिलं खातं बंद करून टाकलं. संपलं! कर्जदारच उरला नाही. फेडणार कोण? जाणार ते ठेवीदारांचे.

मला दहा मिनिटांत दिसलं. वर मान केली तर ती उभीच.

"काही राहिलंय का, दादा? मला जरा धाकधूक वाटतेय."

"नाही," म्हणालो. "छान आहे."

२० मार्च

आज सांगणार होतो. बेर्न्ड तिच्या टेबलाशी उभा होता, दोघं खळखळून हसत होते. राहू दे म्हटलं.

१ एप्रिल

बँक उघडली. दुपारपर्यंत चार हजार ठेवीदार! बेर्न्डनं केक मागवला, पहिला तुकडा तिला. तिनं तो अर्धा करून माझ्या बशीत ठेवला, मराठीत म्हणाली— "तुम्ही तपासलंत म्हणून मी निर्धास्त." बाकी कुणाला शब्द कळला नाही, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी!

आल्झो— तर काय, खाल्ला केक.

१४ एप्रिल

बँक रिकामी. कुणीतरी आठवड्यापूर्वी युक्ती फोरमवर टाकली, मग काय— हजारो सडके मासे. सकाळी फक्त बेर्न्डचा आवाज. मालविका पडद्याकडे बघत नुसती बसली होती.

खरं लिहितो. पहिली दहा मिनिटं मला बरं वाटलं.

१६ एप्रिल

एक पत्र आलंय. लुडविग्सहाफेनच्या हेर्टलाइनबाई, वय एकाहत्तर. नवरा-बायको मिळून सात वर्षं खेळत होते. तो गेल्या शरदात वारला. त्याची सगळी जहाजं विकून बाईंनी ते टालर बँकेत ठेवले— कुणा नव्या माणसाचं पहिलं जहाज त्याच्या कमाईतून व्हावं म्हणून. बाई रागावलेल्या नाहीत. एवढंच विचारलंय, "पुन्हा मिळवता येतील, पण ते त्याचे नसतील ना?"

बेर्न्ड म्हणतो, सगळ्यांना नवे टालर छापून दिले तर पाव दोनशेला जाईल. आणि खेळाची बँकेआधीची जुनी प्रत परत लावली तर बाकीच्यांची दोन आठवड्यांची मेहनत जाईल. म्हणजे काहीच नाही.

पत्र तीनदा वाचलं. जेवलो नाही.

१७ एप्रिल

चहाच्या खोलीत मालविका भेटली. डोळे सुजलेले.

"नोकरी गेली तर ब्लाऊ कार्टेचं, इथे राहायच्या परवान्याचं, काय होतं, दादा? किती दिवस देतात दुसरी शोधायला?"

"बघू. इतक्यात कशाला..."

"आईला सांगितलं नाहीये अजून. घराचं भाडं मीच पाठवते."

मी कप विसळला. तोच कप दोनदा विसळला. तोंड उघडलं, आणि म्हणालो काय तर— "काळजी करू नकोस." लाज वाटली स्वतःची.

२० एप्रिल, ईस्टर

चार दिवस सुट्टी. सुकन्याला सगळं सांगितलं. ती उठून बाल्कनीत गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "तिनं तुला विचारलं होतं ना रे? तोंडानं विचारलं होतं?"

"या," म्हणालो. चक्क जर्मनमधलं 'हो'! मराठीत 'हो' म्हणवेना.

२२ एप्रिल

बेर्न्डनं आत बोलावलं. मालविकानं राजीनामा दिलाय. आता बँक माझी— पगार वाढेल, हाताखाली दोन माणसं. तिनंच माझं नाव सुचवलंय. तिचं पत्र त्यानं मोठ्यानं वाचलं: "चूक माझी एकटीची. आराखडा मी कुणालाच दाखवला नव्हता. विनयना दाखवला असता, तर त्यांनी हे पहिल्याच दिवशी पकडलं असतं."

मी म्हणालो, "दाखवला होता. आणि मी पकडलंही होतं."