नेच्याची अट

दि. ६ जानेवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी जिन्यावरून पडलो तो शेवटच्या दोन पायऱ्यांवरून; जावईबापू फोनवर असे हळहळत होते जणू मी कड्यावरूनच कोसळलो. गुडघा बरा आहे.

कायमचं तुझ्याकडे राहायला यायचा हट्ट मात्र सोड. चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या, उजेडाची किंमत मला विचार. तुझ्या लाँड्रीमागच्या त्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथे झाडसुद्धा जगायचं नाही, तिथे माझं काय घेऊन बसलीस!

आता तू म्हणशील, म्हातारा ऐकूनच घेत नाही. म्हणून टेम्पोवाल्याबरोबर एक नेचा पाठवतोय. नर्सरीवाला त्याला फर्न म्हणतो. त्याच खोलीत ठेव. तीन महिने जगला तर मी मुकाट्याने येईन. मेला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. माती वरून कोरडी झाली की पाणी घाल, कडक ऊन दाखवू नकोस आणि सारखी हात लावत बसू नकोस. लोभ तर आहेच, पण अट म्हणजे अट.

तुझे बाबा

दि. २१ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नेचा सुखरूप पोचला. काय दांडगा आहे हो! जाड जाड, निळसर पानं, आणि कुंडीच्या काठावरून डोकावणारी ती केसाळ खोडं. ह्यांनी पाहिल्या पाहिल्या विचारलं, की बाबांनी झाडाबरोबर उंदीर कशाला पाठवला?

तुमच्या खोलीतच ठेवलाय, खिडकीपासून हातभर आत. शेजारी इस्त्रीचं टेबल आहे, त्यामुळे दिवसभर वाफ मिळते. परवा एक नवं पान गुंडाळलेलं वर आलं आणि मी गिऱ्हाइकाची साडी तशीच टाकून पाहायला धावले. हसा खुशाल. तुम्ही पडलात तेव्हापासून मी रात्री फोन उशाशी घेऊन झोपते. तुम्ही पलीकडच्या खोलीत खोकताय एवढं ऐकू आलं तरी मला शांत झोप लागेल. मी डोळ्यांत तेल घालून हा नेचा जगवणार आहे, लिहून ठेवा. आशीर्वाद माझ्या बाजूने असू द्या, नेच्याच्या विरुद्ध नको.

तुमची बेबी

दि. १७ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

चार आठवडे होत आले, पत्र नाही. मेला काय? मेला असेल तर स्पष्ट लिही, मी काही सुतक पाळणार नाही. आणि जगला असेल तर किती पानं आली ते कळव. मला काही घाई नाही, सहज विचारतोय. उत्तर लगेच पाठव.

तुझे बाबा

दि. २ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारदा फाडलं. बाबा, मी हरले.

पंधरा दिवसांपूर्वी पानं उलटी करून पाहिली तर खाली तपकिरी ठिपके, शिलाई घातल्यासारखे दोन सरळ रांगांत. डाग दिसला की माझे हात थांबत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. आधी कोमट पाणी, मग साबण, मग रेशमी कपड्यांचा मऊ ब्रश. ठिपके गेले, पण तीन पानं चोळून चोळून पार माना टाकून बसली, ती कापावी लागली. आणि आता उरलेल्या पानांवरही तेच! रोग सगळीकडे पसरलाय.

ह्यांनी गुपचूप तस्साच दुसरा नेचा आणला आणि म्हणाले, हाच दाखवू, बाबांना काय कळतंय! दोन दिवस दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून पाहिल्या. नाही जमलं. तुम्हाला खोटं बोलून घरी आणलं, तर त्या घरात मी तुमच्याकडे बघू कशी?

आता विषय काढणार नाही. मला मात्र फार वाईट वाटतंय. तिकडे गुडघ्याला जपा, आणि माझ्यावर माया आहे तशीच असू द्या.

तुमची बेबी

दि. ६ मार्च

चि. बेबीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

अगं वेडे! ते ठिपके म्हणजे नेच्याचे बीजाणू, त्याचं बीच म्हण ना. धडधाकट नेच्यालाच येतात. तू त्याची पोरंबाळं साबणाने धुऊन काढलीस! एवढं सोसूनही तो उभा आहे, आणखी काय हवं? पत्र वाचून मी इतका हसलो की खालच्या मजल्यावरचे विचारायला आले.

आता माझंही ऐक. नर्सरीत जाऊन मी काय मागितलं होतं ठाऊक आहे? अंधाऱ्या खोलीत राहील, पाणी विसरलं तरी रुसणार नाही, मारायचं म्हटलं तरी मरणार नाही असं झाड द्या. नर्सरीवाल्याने डोळे मिटून हाच पुढे केला. उजेडाचं ते सगळं नाटक होतं. लेकीने ये म्हटलं आणि बाप लगेच धावत सुटला, असं दिसायला नको होतं, एवढंच.

तीन महिने मोजायला मला सवड नाही. येत्या रविवारी टेम्पोवाल्याबरोबर येतोय. सामान आवरायला कुणाला पाठवू नकोस. नेचा पाठवला त्याच दिवशी बॅग भरली होती. दोन महिने झाले, रोज तिच्यातूनच कपडे काढतो आणि धुऊन परत तिच्यातच ठेवतो.

तुझे बाबा