तीस एप्रिलच्या आत बोट

५ जानेवारी, रविवार

बोट घेतली. शेवटी. घोडबंदर रोडवर एक रिसॉर्ट बंद पडलंय, त्यांच्या मागच्या आवारात उपडी पडली होती. ॲल्युमिनियमची, चौदा फुटी, मागे मोटर लावायची सोय. मोटरसुद्धा मिळाली, गोणपाटात गुंडाळलेली. वॉचमन म्हणाला, गेली सहा वर्षं हिच्याखाली कोंबड्या राहत होत्या. म्हणजे सहा पावसाळे काढले आणि एक कोंबडी भिजली नाही. याहून चांगलं सर्टिफिकेट काय असतं? स्टोअर्स खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत मी, माल बघताच कळतो.

बेत असा. नीलिमा ३० एप्रिलला शाळेतून रिटायर होते. त्याच दिवशी अक्षय्य तृतीया. निरोप समारंभ आटोपला की तिला थेट वरसाव्याला न्यायचं, आपल्या स्वतःच्या बोटीत बसवायचं आणि खाडीतून झकास फेरी. तीस वर्षांत मला कुठे नेलं नाही, असं ती म्हणते. यात अतिशयोक्ती आहे. माथेरानचं दोनदा ठरलं होतं, महाबळेश्वरचं एकदा, आणि केरळचं तर बुकिंगच्या फॉर्मपर्यंत गेलं होतं. ऐन वेळी ऑफिसात स्टॉकटेकिंग निघायचं, त्याला मी काय करणार.

तिच्या शाळेतल्या राजश्री मॅडम ३ मेला स्टाफची केरळ ट्रिप काढताहेत, जोडीजोडीने. तुमचं नाव देऊ का, असं नीलिमाने विचारलं. स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. घरची बोट असताना भाड्याच्या हाउसबोटीत कोण बसतं? तिने ट्रिपचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. पटलं असावं.

८ जानेवारी, बुधवार

बोट माझ्या पार्किंगमध्ये विटांवर ठेवली. अगदी रेषेत बसते, फक्त नाक दीड फूट पुढे येतं. सेक्रेटरी मनहरभाई लगेच हजर. म्हणाले, आत्मारामभाई, यहाँ गाडी रखते हैं, जहाज नहीं. मी त्यांना सोसायटीचे नियम दाखवले. त्यात 'वाहन' लिहिलंय, चाकांचा कुठेही उल्लेख नाही. नियमांचा कागद काखेत मारून निघून गेले. अभ्यास कमी पडतो लोकांचा.

१९ जानेवारी, रविवार

टाइमटेबल केलं. रोज पहाटे साडेपाच ते साडेसात काम. जानेवारीअखेर जुना रंग घासून साफ. फेब्रुवारीत पोचे काढणे. मार्चमध्ये मोटर. एप्रिल रिकामा ठेवलाय, तेव्हा काही करायला उरणार नाही. टाइमटेबल लॅमिनेट करून आणलं. त्यात सकाळ गेली, त्यामुळे घासायला उद्यापासून सुरुवात.

२ फेब्रुवारी, रविवार

घासायला सुरुवात केली. दोन तासांत रुमालाएवढी जागा चकचकीत. या वेगाने बोट पुढच्या वर्षी दिवाळीला तयार होईल, म्हणजे वेग थोडा वाढवावा लागेल. उठताना कंबर धरली. नीलिमाने शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली आणि म्हणाली, घासून काय करताय, वरून रंगच द्या ना. जन्मभर मुलांना शिस्त शिकवलेल्या बाईने असले शॉर्टकट सुचवावेत, याचं वाईट वाटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

वरून रंगच द्यायचं ठरवलं. वेळ वाचेल. आपल्याला सुचतं वेळेवर.

२३ फेब्रुवारी, रविवार

वरसाव्याहून पंढरीनाथला बोट दाखवायला आणलं. सत्तरीचा गृहस्थ, सगळा जन्म खाडीत गेला, आता मासेमारी मुलं बघतात. बोटीभोवती एक चक्कर मारली, बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, सायेब, ही होडी न्हाय, टोप हाय. मग आत वाकून तळाचं एक भोक दाखवलं, मूठ जाईल एवढं. ते मी आधीच पाहिलं होतं. आत आलेलं पाणी बाहेर जायला ठेवलं असेल अशी माझी समजूत. पंढरीनाथ म्हणाला, भायेर जाईल तसा आत बी येईल. जुनी माणसं जरा नकारात्मकच असतात. पण ३० एप्रिलला वल्ही मारायला येतो म्हणालाय. मी म्हटलं, मोटर आहे, वल्ही लागणार नाहीत. तरी येतो म्हणाला.

१६ मार्च, रविवार

मोटर उघडली, साफ केली, परत बंद केली. उघडताना तेरा नट निघाले, बंद करताना नऊ लागले. पूर्वीच्या कंपन्या चार नट जास्तीचेच घालत, त्यामुळे वस्तू टिकत. दोरी ओढली. खोकली. म्हणजे जीव आहे.

नीलिमा म्हणाली, राजश्री पुन्हा विचारत होती केरळचं. मी म्हटलं, माझं उत्तर जानेवारीत देऊन झालंय. ती हो म्हणाली.

३० मार्च, पाडवा

भोकाचा प्रश्न सुटला. ॲल्युमिनियमचा पत्रा बघायला काल भाईंदरला गेलो होतो, हातभर तुकड्याला काहीच्या काही सांगतात. बजेटमध्ये बसत नाही. आज गुढीसाठी तांब्या काढायला माळ्यावर चढलो तर आईचं जुनं ताम्हण हाताला लागलं. जाडजूड तांबं, भोकाच्या चौफेर दोन बोटं जास्त. ठोकून सपाट केलं, आतल्या बाजूने बसवलं, ॲल्युमिनियमचे बारा रिव्हेट मारले, कडेने एम-सील. जणू बोटीसाठीच केलं होतं. शिवाय चाळीस वर्षं देवांना अंघोळ घातलेली वस्तू, पाण्याची सवय आहे. गुढीही बोटीतच उभारली.

नीलिमा श्रीखंड तसंच टाकून खाली आली. म्हणाली, अहो, तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आलं की त्याची बॅटरी होते. तांब्याला काही होत नाही, ॲल्युमिनियम झिजतं. आधी तुमचे रिव्हेट जातील. मी दरवर्षी आठवीला शिकवते हे. मी विचारलं, तुझ्या आठवीतल्या किती मुलांनी आजवर बोटी बांधल्या? तिने ताम्हणाच्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाली, निदान आईंचं ताम्हण तरी नको होतं. भावना वेगळी आणि इंजिनीअरिंग वेगळं, हे बायकांना समजावणं कठीण.

६ एप्रिल, रविवार

सोसायटीची मीटिंग. विषय क्रमांक चार: बोट. हटवावी म्हणणारे एकेचाळीस, ठेवावी म्हणणारा एक. नीलिमा तटस्थ राहिली. हा मी नैतिक विजय मानतो, कारण उघड विरोधात ती गेली नाही. दुपारी टेम्पोत घालून बोट वरसाव्याला नेली आणि पंढरीनाथच्या घरामागे खाडीत बांधली. बोटीची जागा शेवटी पाण्यातच, हे मी मनहरभाईंना आज ना उद्या सांगणारच होतो.

७ एप्रिल, सोमवार

तरंगते. आत एक थेंब नाही. पंढरीनाथला दाखवलं. म्हणाला, टोप बी तरंगतो.

१७ एप्रिल, गुरुवार

ताम्हणाच्या कडेने, रिव्हेटांच्या डोक्यांवर पांढरी पूड आलीय. मीठ असणार. खाडीचं पाणी खारं असतं, एवढं विज्ञान मलाही येतं. बोटाने पुसलं तर खाली रिव्हेट जरा बारीक वाटला. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक.

संध्याकाळी नीलिमा उत्तरपत्रिका तपासत होती. मान वर करून विचारलं, तीस तारखेचं नक्की ना? स्टाफला सांगू? मी म्हटलं, नक्की. तिने लगेच राजश्री मॅडमना फोन लावला. बारा जणी तिला निरोप द्यायला खाडीवर येणार. तिचा आवाज लग्नाआधी असायचा तसा वाटला. कोणती साडी नेसू, ओली झाली तर, असं काहीबाही बोलत होती. त्या पुडीचं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

मोटर सलग अकरा सेकंद चालली. बंद पडली की परत सुरू करायची, मग परत, अशी फेरी सहज होईल. बोटीवर लाल रंगात तिचं नाव घातलं. रंग 'नीलि'पर्यंत पुरला. उरलेलं ती समजून घेईल.

पांढरी पूड वाढलीय. पंढरीनाथ म्हणाला, सायेब, ताईंना न्हेऊ नका, तुमी एकलेच जा आधी. त्याला म्हटलं, पहिली फेरी तिचीच, तसं ठरलंय. एम-सीलची आणखी दोन पाकिटं लावली. आता काही होत नाही.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया. पहाटे ५.४०

उठलो. मोरपंखी साडी इस्त्री करून टांगलीय. पंढरीनाथने बजावलंय, भरती दोनला पुरी, दोनच्या आत निघायचं, मग पाणी उतरत जातं. वेळ मी आयुष्यात कधी चुकवलेली नाही.

३० एप्रिल, संध्याकाळी ७.१५

घटनाक्रम, कोणालाही दोष न देता.

मुख्याध्यापिका पन्नास मिनिटं बोलल्या. त्यामुळे वरसाव्याला पोचायला पावणेतीन. पाणी उतरायला लागलं होतं. काठावर बारा मॅडम, हातात मोबाइल. नीलिमा चपला हातात घेऊन, साडी आवरून, चिखलातून बोटीत आली आणि फळीवर ताठ बसली. मोटर चालू केली. सहा सेकंद. मग पंढरीनाथने वल्ही घेतली. वीस-पंचवीस फूट फार सुरेख गेलो. नीलिमा हसली. खरोखर हसली, दात दिसतील अशी.

मग तिच्या पायांखाली खट्खट् आवाज आला आणि पाणी वर आलं. ताम्हण सुटलं होतं. रिव्हेटांच्या जागी पांढरा चुरा. तिने आधी खाली पाहिलं, मग माझ्याकडे. दोन मिनिटांत बोट तळाला टेकली. पाणी कमरेपर्यंत, त्याखाली गुडघाभर चिखल. याला बुडणं म्हणता येणार नाही, बुडायला खोली लागते. पंढरीनाथने तिला हाताला धरून काठावर नेलं. मी मोटर वाचवत होतो. काठावर कोणीही हसलं नाही. हसल्या असत्या तर उलट बोलता तरी आलं असतं.

नीलिमा म्हणाली, चला घरी, कपडे बदला, सर्दी होईल. आठवीच्या पुस्तकाचा विषय काढला नाही. रिक्षात ताम्हण मांडीवर धरून बसली होती. मोरपंखी रंग चिखलात ओळखू येत नव्हता.

१ मे, गुरुवार

अपयशाची कारणं: लांबलेलं भाषण, ओहोटी, बाजारातल्या रिव्हेटांचा दर्जा. तांब्याचा संबंध असेलच तर तो चौथ्या क्रमांकावर. निर्धार: बोट चिखलातून काढून दिवाळीपर्यंत नव्याने तयार करायची. टाइमटेबल तयार आहे. लॅमिनेशनवाला बंद, महाराष्ट्र दिन.

२ मे, शुक्रवार

नीलिमा केरळची बॅग भरतेय. तुम्ही काय करणार इथे, असं विचारलं. म्हटलं, बोट काढायचीय, उद्याचा दिवस चांगला आहे. ती म्हणाली, नक्की? म्हटलं, नक्की. भाजी चिरताना पुन्हा म्हणाली, नक्की ना? झोपायच्या आधी तिसऱ्यांदा. बोटीची तिला एवढी काळजी वाटते, हे बघून बरं वाटलं. मध्ये एकदा बॅगेतून माझे तीन शर्ट काढून परत कपाटात ठेवताना दिसली. घाईत चुकून गेले असतील.

३ मे, शनिवार

गेली. बॅग रिक्षापर्यंत मी उचलली. बोट काढायला गेलो नाही, ऊन फार.

५ मे, सोमवार

सकाळी राजश्री मॅडमचा फोन. सर, ताप उतरला का, असं विचारत होत्या. कोणाचा ताप, असं ओठांवर आलं होतं. त्याच पुढे बोलत राहिल्या. नीलिमाने गाडीत सगळ्यांना सांगितलंय म्हणे, त्या दिवशी पाण्यात भिजले, अंगात ताप भरला, नाहीतर येणारच होते. मॅडमना फार वाईट वाटत होतं. म्हणाल्या, तुमचं नाव तर नीलिमाताईंनी जानेवारीतच दिलं होतं, यादीत सगळ्यात पहिलं. मी दोनदा विचारलं, काढू का, तर नको म्हणाल्या. तीसला त्यांच्या बोटीत बसेन, तीनला ते माझ्याबरोबर येतील, असं म्हणायच्या. आत्ता हाउसबोटीत शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवलीय त्यांनी, कोणाला बसू देत नाहीत.

मी आवाज बारीक केला आणि म्हटलं, थोडा आहे अजून. मॅडम म्हणाल्या, काळजी घ्या, नीलिमाताईंना देऊ का फोन? नको म्हटलं, झोपतो जरा.

कारणं लिहायला बसलो होतो. एक नंबर घातला, पुढे काही सुचलं नाही. लाज वाटतेय, ती कुठल्या क्रमांकावर टाकायची कळेना.

मग थर्मामीटर शोधून काढला आणि काखेत धरून पाच मिनिटं बसलो. दोनदा लावून पाहिला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.