ठसका लागत नाही

१४ नोव्हेंबर, सकाळी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, बाबांनाही. तुझी कंबर कशी आहे? इकडे ठीक. म्हणजे ठीकच म्हणायचं. शेजारच्या नर्सबाई आज तिकडे निघाल्यात, त्यांच्या हाती हे पाठवतेय. फोन केला असता, पण तू तो स्पीकरवर ठेवतेस आणि बाबा सगळं ऐकतात.

आमच्या विभागात गिळणं तपासायचं नवं यंत्र आलंय. नाकातून बारीक नळी घालायची, टोकाला कॅमेरा. रंगवलेलं पाणी घशातून कुठे जातं ते स्क्रीनवर दिसतं. त्यावरून नुसती भांडणं! आमच्या विभागप्रमुख, मोठ्या बाई म्हणतात, पेशंटच्या आधीच नाकी नऊ आलेत, त्यात ही नळी कशाला. नव्या मुली यंत्रावर फिदा. आणि सगळ्यात मोठ्यांदा विरोध माझा. इतकी वर्षं गळ्यावर चार बोटं ठेवून गिळणं ओळखतेय. मीटिंगमध्ये ऐटीत म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" सगळे हसले.

काल एका आजोबांना नळी घातली. लकव्याचे पेशंट. मीच पास केलेले. ठसका नाही, बोटांखाली गिळणं व्यवस्थित. स्क्रीनवर हिरवं पाणी सरळ श्वासनळीत उतरलं. आजोबा शांत. उलट मलाच विचारतात, "झालं का हो? आता चहा मिळेल ना?" घशाची जाणीव गेली की ठसका लागतच नाही. पुस्तकात वाचलं होतं गं, पण वाचणं वेगळं.

घराच्या भिंतींचा नवा रंग कसा दिसतोय? फोटो पाठव. नाही, हे काय लिहितेय मी.

ताई, बाबांनाही ठसका लागत नाही. तू किती कौतुकाने सांगतेस! लकव्यानंतर त्यांच्या गळ्यावर बोटं ठेवून "खुशाल चहा द्या" म्हणाली ती मीच. रविवारी चहा पिऊन ते फोनवर बोलले, तेव्हा आवाज ओला, घरघरता येत होता. मला कळलं होतं. तरी मी हवापाण्याचंच बोलत राहिले. त्यांना मधूनमधून येणारा ताप थंडीचा नसावा, चहा फुप्फुसात उतरत असल्याचा असावा. यंत्र इथे राहिलं तर बाबांना त्याच्यासमोर बसवावं लागेल, म्हणून भांडत होते मी. भीती वाटते गं.

आजपासून चहा बंद. नर्सबाईंकडे पूड दिलीय, पाणीसुद्धा ती घालून घट्ट कर आणि त्यांना ताठ बसवून चमच्याने दे. चिडतील. "एवढं एकच सुख उरलंय, तेही काढून घ्या," म्हणतील. खुशाल माझ्यावर ढकल.

उद्या गाडी घेऊन येते. नळी मोठ्या बाई घालतील. वाईट दिसलं तर तुझ्या हातचा घासही बंद होईल, हे मला माहीत आहे. त्यांचा हात तू धर. मला स्क्रीनकडे बघावंच लागेल.

बाबांचा चहा तोडणारी,
तुझी धाकटी