भोक पडलेले कोष

माय, रेशमाच्या पट्टीला आज परवानगी मिळाली. परभणीच्या ज्या दवाखान्यात तुझ्या पायाचं ड्रेसिंग व्हायचं, तिथल्याच पेशंटांच्या जखमांवर ती आता लावून बघणार आहेत. पुण्याहून प्रयोगशाळेचा फोन आला तेव्हा मी सुट्टीला म्हणून जिंतूरला आलेली, आपल्याच शेडमध्ये भावाबरोबर कोष काढत होते. इतकी जोरात ओरडले की भाऊ म्हणाला, "साप निघाला काय गं?" त्याला सांगितलं तर आधी हसला, मग तोंड फिरवून तुतीकडं बघत राहिला. आता तो जेवायला गेलाय आणि मी पालथ्या टोपलीवर बसून तुला लिहायलेय.

याच शेडमध्ये तुझं आणि आबांचं दर वेळी वाजायचं. अळ्यांनी कोष विणले की ते लगेच बाजारात जायला हवेत. आतलं पाखरू भोक पाडून बाहेर आलं की धागा तुटतो, कोष कामातून जातो, म्हणून पाखरासकट कोष उकळतात. आबा घाईघाईनं कोषांच्या जाळ्या रिकाम्या करायलेत आणि तू एक भरलेली जाळी उचलून खुशाल कोपऱ्यात ठेवायलीस. "अगं, काय करायलीस?" "विहारात पहिलं शील कोणतं म्हणतो आपण? जीव घेणार न्हाई म्हणतो ना? समदे न्हाई वाचवता येत मला. एवढे तरी उडू द्या." आबा कपाळाला हात लावायचे. मग ती पांढरी, जाडजूड पाखरं निघायची, त्यांना धड उडताही यायचं नाही, भिंतीवर नुसती फडफडत बसायची. आबा मुद्दाम विचारायचे, "उडाली का तुझी पाखरं?" तू म्हणायचीस, "चालली तरी लय झालं." भोक पडलेले कोष मात्र तू जपून पिशवीत भरून ठेवायचीस. कशाला, ते तुलाही ठाऊक नव्हतं.

पुढं साखरेनं तुझा पाय धरला. जखमेवरची जाळीची पट्टी दर वेळी मांसाला चिकटायची. सिस्टर बिचाऱ्या पाणी सोडून सोडून ओढायच्या, तरी नवी आलेली कातडी तिच्यासोबत निघायची. माझं मनगट आवळून तू "माय गं" म्हणायचीस आणि दम परत आला की चेष्टा करायचीस, "सिस्टर, ह्यो कापूस माज्याच रानातला हाय का बघा, सोडंनाच मला." सगळा वॉर्ड हसायचा. मला हसू यायचं नाही, रागच यायचा, त्या पट्टीचा. जखम काही भरली नाही. तू गेलीस.

तो राग घेऊनच मी या कामात शिरले. रेशीम म्हणजे प्रथिन. कोष सोड्याच्या पाण्यात उकळायचे, रेशीम विरघळवायचं आणि त्याची पातळ पट्टी करायची. अखंड धागा लागतच नाही, फुटके कोषही चालतात, असं प्रयोगशाळेतल्या मॅडमनी सांगितलं तेव्हा मी पुढचं काही ऐकलंच नाही. सुट्टीत घरी येऊन तुझी पिशवी शोधली. पहिल्या पट्ट्या तुझ्या कोषांच्या झाल्या, माय! आता तर आम्ही रेशमासारखं प्रथिन स्वतःच आखतो आणि टाकीतले जंतू ते बनवून देतात. ओल्या जखमेवर मऊ राहावं, चिकटू नये, असं त्यात घडवता येतं. काम झालं की मातीत विरतं, प्लास्टिकसारखं मागं उरत नाही. आणि त्यात एकही पाखरू मरत नाही. हे आबांना सांगितलं तर म्हणाले, "मंग तिनं समद्याच जाळ्या कोपऱ्यात ठेवल्या असत्या."

पेशंटांवर जमेलच, असं आज कुणी सांगू शकत नाही. पण मला वाटतं जमेल. लय वाटतं.

हे कुठं धाडायचं नाही, कळतंय मला. भाऊ येईल, तेवढ्यात एकच सांगते, प्रयोगशाळेत कुणाला बोलले नाही. मागं भाकरी करताना मनगट पोळलं, तेव्हा मी आपली पट्टी गुपचूप स्वतःलाच लावली. काढायच्या दिवशी दात आवळले, डोळे मिटले आणि ओढली. हळूच सुटून हातात आली. दुखलं नाही गं, अजिबात नाही. तरी तोंडातून "माय गं" निघालंच.