कोपऱ्यावरचा ओटा

१२ नोव्हेंबर

प्रिय छोटू,

परवापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. पत्र तरी मध्येच कापता येत नाही. इकडे आम्ही ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. तुझी तब्येत उत्तमच असणार, परवा फोनवर ओरडलास काय झकास!

"बाबांच्या ओट्याला हात लावलास तर मला बहीण नाही!" बरं बाबा. पण झालं काय ते तरी ऐकून घे.

आसपासच्या गावांतून, तुझ्या गावाहूनही, येणारी नवी रेल्वे आता आपल्या जुन्या स्टेशनात थांबणार, आणि तिथून बाजारपेठेत बस. बाहेरून मोठा रस्ता गेल्यापासून आपली पेठ कशी ओस पडली ते तुला ठाऊक आहे. शिंपीकाकांकडे हल्ली माशाच गिऱ्हाईक. चाचणीची बस चालवायला माझ्या हातात दिली होती. अख्खी पेठ बघायला उभी. आणि अडली कुठे? आपल्याच दुकानाच्या कोपऱ्यावर! लांब गाडी वळवली की मागचं चाक आत येतं, ते थेट ओट्यावर चढायला लागलं. मागेपुढे करून मी घामाघूम. त्यात आई ओट्यावर शेंगा निवडत बसलेली, उठायचं नाव नाही.

आमचे बसखात्याचे साहेब म्हणाले, "राहू द्या, बस बाहेरच्या रस्त्याने नेऊ." शिंपीकाका पाठ फिरवून दुकानात जाऊन बसले. मला असा संताप आला! खाली उतरले आणि म्हटलं, "ओटा आमचा आहे. आम्ही काढतो. बस इथूनच जाईल." तुला आधी विचारलं नाही, परवा फोनवर नुसतं कळवलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि तरी मी तेच केलं असतं.

तर, ओटा काल गेला.

गवंडी आला तेव्हा मीच त्याच्या आडवी उभी राहिले. बाबांनी त्यातला दगडन् दगड स्वतः बसवला होता, हे मला का माहीत नाही? "उद्या ये," असं मी त्याला म्हणणार, तेवढ्यात आई दारात आली. तुझं बोलणं मी तिला सांगितलं नव्हतं. तिने ऐकलं होतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, तिने शपथ घातली होती म्हणून. रोज संध्याकाळी ती ओट्यावर तुझी वाट बघत बसायची.

"रागावलाय ना? रागावू दे," ती म्हणाली. "इतकी वर्षं बसले इथे. ओट्याने आणलं का त्याला? गाडी तरी आणेल." आणि गवंड्याच्या हातातला हातोडा तिने स्वतः मागून घेतला. पहिला घाव तिचा.

सोमवारपासून पहिली फेरी माझी. कोपऱ्यावर गाडी एका दमात वळते, करून पाहिलंय. बहीण नको तर नको. ड्रायव्हर समजून चढ माझ्या गाडीत, आईच्या दारात सोडते.

तू नाही म्हटलंस तरी,
तुझीच ताई