सात नंबरची सडक

५ ऑगस्ट १९९६, सोमवार

संपदा मॅडमनी आज वर्गाच्या भिंतीवर भारताचा नकाशा लावला. हातोडी सापडेना तर खिळे चपलेनं ठोकले! खेळाच्या नव्या टीचर आहेत. डी.एल.डब्ल्यू.च्या, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या कारखान्याच्या, क्वार्टरमध्ये राहतात. घरी मराठीच बोलत असणार — खिळा वाकला तेव्हा ‘अगं बाई’ निसटलं तोंडातून. वर्गात मराठी मी एकटीच, म्हणून मलाच कळलं.

तर असं आहे — सात नंबरची सडक आपल्या बनारसहून निघते आणि थेट कन्याकुमारीला जाते. देशात एवढी लांब दुसरी नाही. आणि आठवी ब ती पळत जाणार! म्हणजे खरंखुरं नाही. प्रत्येकीनं रोज जमेल तेवढं पळायचं, नाहीतर चालायचं. मैदानावर, घराजवळ, कुठेही. दुसऱ्या दिवशी सांगायचं. सगळ्या तीस जणींचं मिळून जेवढं होईल तेवढा लाल दोरा नकाशावर पुढे सरकणार.

“और कोई झूठ बोले तो?” मागून कुणीतरी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, “बोले. फिर वो झूठ कन्याकुमारी तक ढोए.”

सुट्टीत नकाशाजवळ गेले. मिर्झापूर, रीवा, कटनी, जबलपूर, सिवनी. मग नागपूर. नागपूरवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. वर्गातली लतिका बघत होती.

१२ ऑगस्ट, सोमवार

पाणी! पंचगंगा घाटाच्या पायऱ्या गेल्या, आपल्या दुर्गाघाटाच्या पण गेल्या. गंगा आता गल्लीच्या तोंडाशी येऊन बसलीय. शाळेच्या मैदानात बेडूक. आम्ही वऱ्हांड्यात फेऱ्या मारतो, तर सातवीच्या बहनजी दार उघडून ओरडतात.

घरी गच्चीवर पळायला लागले. खालून शरदिनीकाकूचा आवाज — “अगं, छत पडेल! घोडा बांधलाय का वर?” काकू-काका खालच्या मजल्यावर राहतात. काका ऐकू येत नाहीत, काकूच येते.

पाय शिवशिवतात नुसते. अभ्यासाला बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जाऊ कळत नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

चौकातल्या एस.टी.डी. बूथवर गेलो, नेहमीसारखे. बाबा फोनवर आईला म्हणाले, “बरी आहेस ना? इथे पाणी वाढलंय.” झालं. एवढंच! मग रिसीव्हर माझ्यापुढे. मी घेतला नाही. काचेबाहेर जाऊन उभी राहिले. आतून बाबांचं तोंड हललेलं दिसलं — “नाही, बरी आहे ती.”

आई जूनमध्ये नागपूरला गेली. तिथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. जाताना म्हणाली, वर्षभर बघू. काकू म्हणते, घर टाकून गेली. गल्लीतल्या बायका काहीच म्हणत नाहीत, फक्त मला बघितलं की प्रसादाचा पेढा जरा मोठा देतात. बाबा पाठशाळेत मुलांना वेद शिकवतात, तिथे आवाज घुमतो त्यांचा. घरी आले की आवाज बाहेरच ठेवून येतात.

मी आईशी बोलणार नाही. ती गेली. मी नाही गेले.

३ सप्टेंबर, मंगळवार

मिर्झापूर कधीच मागे पडलं. पण रीवा येईना! पावसात निम्म्या मुली येतच नाहीत. आज मी उभं राहून सगळ्यांना सुनावलं — असं केलं तर म्हाताऱ्या होऊन पोचू. मॅडम म्हणाल्या, “हिमानी, बैठो.” बसले. परत उठले.

लतिका मिश्रा माझ्या बाकावर बसते. पळत नाही, चालते. चालताना बोलते. बोलताना थांबते. तिच्याबरोबर फेऱ्या मारणं म्हणजे शिक्षा आहे. आज म्हणाली, “तुझे कन्याकुमारी-वन्याकुमारी से क्या? तू तो नागपुर तक दौड़ रही है.”

मी चिमटा काढला. जोरात. ती ओरडली पण नाही. हसली!

१ ऑक्टोबर, मंगळवार

पाणी उतरलं. पायऱ्यांवर गुडघाभर चिखल सोडून गेलंय, नाववाले पंप लावून धुताहेत. एक पट्टा मोकळा झाला तशी पहाटे पंचगंगेपर्यंत पळाले. आलमगिरी मशिदीखालच्या चढाला घसरले आणि सरळ खाली! ढोपर फुटलं. एक मल्लाह नावेतून म्हणाला, “अरे बिटिया, गंगाजी कहीं भागी जा रही हैं?”

उठून परत पळाले. रक्त सुकेपर्यंत भोसले घाट आला. बरं वाटलं. कित्येक दिवसांनी.

दोरा जबलपूरच्या अलीकडे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

काकूनं शेवटी बाबांना सांगितलंच. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. “सलवार खोचून घाटावर पळते तुमची लेक. नाववाले बघतात, पंडे बघतात. आई जागेवर नाही, मग लगाम कोण घालणार?”

बाबा काय म्हणाले ते ऐकूच आलं नाही. म्हणजे काहीच म्हणाले नसणार. उद्यापासून बंद. मला माहीत आहे.

मग दोरा तिथेच राहू दे! जबलपूर आणि नागपूरच्या मध्ये कुठेतरी, जंगलात.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटे दार उघडलं तर बाबा उंबऱ्याशी उभे. धोतर, उपरणं, पायात चपला. “चल,” म्हणाले.

बाबा माझ्याबरोबर पळायला आले!! पळायला म्हणजे चालायला. मी पुढे पळायचे, मग थांबायचे, ते यायचे. संकटा घाटाजवळ दम लागून बसले. मीही बसले, जेमतेम.

म्हणाले, “तुझ्या आईचं असंच होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून. स्वयंपाकघर ते गच्ची, गच्ची ते स्वयंपाकघर. शिकलेली बाई, जागा पुरायची नाही तिला.”

मी पायरीवरचा सुकलेला चिखल नखानं खरवडत राहिले.

“नोकरीचं बोलावणं तिला दोनदा आलं होतं. दोन्हीदा तिनंच नाही सांगितलं, तुझ्यासाठी. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी म्हटलं, जा. चार दिवस रडत होती. तिला गाडीत मी बसवलं, हिमानी. ती पळून गेली नाही.”

मी म्हटलं, “मग काकूला का नाही सांगितलंत? सगळे तिलाच बोलतात!”

बाबा नदीकडे बघत म्हणाले, “सांगितलं असतं तर मला बोलले असते.”

एवढा राग आला! मी उठले आणि पळाले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. ते एकटेच चालत घरी आले. खूप उशिरा. आता वाईट वाटतंय, आणि राग पण येतोय, दोन्ही एकदम.

२० ऑक्टोबर, रविवार

बूथवर रिसीव्हर घेतला. आई म्हणाली, “हिमू?” मी म्हटलं, “आम्ही सिवनीला आलो.” तिला काही कळेना. कुठून कळणार! मग सगळं सांगितलं — मॅडम, नकाशा, दोरा, लतिकाचं चालणं. ती हसायला लागली आणि मध्येच हसणं वेगळंच झालं. बूथवाल्यानं काचेवर टकटक केली.

बाबांबद्दल काही बोलले नाही. तिनंही विचारलं नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

नागपूर!!

मॅडमनी संत्री आणली, प्रत्येकीला एक एक. दोरा खिळ्याला गुंडाळला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या — लतिकानं सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. मी पण हसले.

मग सुट्टीत एकटीच नकाशाजवळ गेले. एक काळा ठिपका आहे. त्याच्या खाली छापलंय — नागपुर. बाकी काही नाही. तीन महिने पळाले आणि कागदापाशी येऊन पोचले.

घरी येऊन उगीच झोपले.

९ नोव्हेंबर, शनिवार

आई आली! दिवाळीला. सुट्टी चारच दिवस. बारीक झालीय, केस कापलेत थोडे, बोलते पण जोरात. मला जवळ घेतलं तर मी काठीसारखी उभी राहिले. का कुणास ठाऊक. ठरवलं नव्हतं.

१० नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीपूजन. लिहायलाच हवं.

फराळाला सगळे खाली जमलो. काकू आईच्या ताटात चकली वाढता वाढता म्हणाली, “घ्या. पाहुण्यांना आग्रह करावा लागतो.” काका वाटीत बघायला लागले. आईची मान खाली. मला वाटलं, ताट उचलून फेकावं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, “वहिनी, तिला मी पाठवलं.”

पाठशाळेतला आवाज! घरात पहिल्यांदा ऐकला. “ती जायला तयार नव्हती. मी पाठवलं. पाच महिने तुम्ही तिला बोलता आणि मी ऐकून घेतो, ही माझी चूक. आता बोलायचं ते मला बोला.”

काकूच्या हातातली चकली हातातच राहिली. मग म्हणाली, “मला काय करायचंय बाई! सांगायचं ना मग आधी!” आणि ती चकली स्वतःच खाल्ली.

आई उठून आत गेली. मी मागे गेले. ती खिडकीशी उभी होती. मी तिच्या पाठीला डोकं टेकवलं. इतकंच. आमचं दोघींचं त्याहून जास्त जमलं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे आई म्हणाली, मी पण येते घाटावर. मला वाटलं, चला, आता हिच्यासाठी थांबत थांबत जावं लागणार. कसलं काय! पदर खोचला आणि निघाली — मी पळूनही मागे! भोसले घाटाच्या दगडी वाड्याखाली पायऱ्या केवढ्या उंच, तिथेही थांबली नाही. मीच ओरडले, “आई, थांब गं!” बाबा पार पंचगंगेला राहिले होते.

ती वळून म्हणाली, “मे महिन्यात ये माझ्याकडे, हिमू. तिथे शाळेत घालते तुला. नाही म्हणालीस तरी रागावणार नाही.”

रात्रीच्या गाडीनं गेली.

१ डिसेंबर, रविवार

बाबांना विचारलं, तुम्ही पण चला ना नागपूरला. म्हणाले, “मी काशी सोडून कुठे जाऊ?” जसं मी त्यांना नदी उचलून न्यायला सांगितली!

आपली माणसं महाराष्ट्रातून इथे कधी आली ते बाबांनाही नीट माहीत नाही. पण परत कुणी गेलेलं नाही, हे पक्कं माहीत आहे.

जाऊ? राहू? गेले तर बाबांना सकाळी चहा कोण देणार! काकू देईल, पण ऐकवत देईल. राहिले तर परत रविवार, बूथ, काच.

२ डिसेंबर

काही सुचत नाही. पळाले.

११ जानेवारी १९९७, शनिवार

धुकं. आपलाच हात दिसत नाही. घाटावर पळताना नावा एकदम पुढ्यात येतात. शाळा थंडीमुळे बंद होती, तरी मुलींनी सुट्टीत पण चालून ठेवलंय! सगळ्यांचं मिळून दोरा एकदम हैदराबाद ओलांडून गेला. मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या.

गंमत म्हणजे आता मी सगळ्यांत पुढे नाही. लतिका आहे! रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या दादीला घेऊन चालते. म्हणाली, “तेरा शहर तो आ गया. अब मेरा समुंदर आने दे.” तिनं समुद्र बघितलेला नाही. मीही नाही.

बाबा अजून येतात रोज. आता संकटा घाटाला बसत नाहीत, पुढे जातात. आज धुक्यातून म्हणाले, “नागपुरात नदी आहे का गं?”

मी म्हटलं, आहे, पण छोटी.

“हं,” म्हणाले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कन्याकुमारी. पोचलो!!!

म्हणजे आधी नाही पोचलो — मदुराईला दोराच संपला! सगळ्या किंचाळल्या. शिवणाच्या बहनजींकडे लाल दोरा नव्हता. मग लतिकानं वेणीची लाल रिबन सोडली आणि दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली. मॅडम म्हणाल्या, “लगाओ, तुम ही लगाओ.” तिनं शेवटचा खिळा ठोकला, चपलेनंच. रिबन लांब होती, नकाशाच्या बाहेर समुद्रात लोंबत राहिली.

लतिका रडली. मी पण. मॅडम मला हळूच मराठीत म्हणाल्या, “आता काय पळायचं गं?”

लतिकाला सांगितलं की माझं ठरलं, मी मेमध्ये नागपूरला जाणार. तिनं मला चिमटा काढला. खूप जोरात.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. जिन्यात दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

१ मार्च, शनिवार

सांगितलं. घाटावर, चालता चालता. बाबा चालतच राहिले. भोसले घाटापाशी मीच मागे राहिले.

२ मार्च, रविवार

बूथ. बाबांनी फोन घेतला. “हिमानी मे महिन्यात येते आहे,” म्हणाले. मग जरा थांबून — “तिकडच्या पाठशाळेत विचारून ठेव. मुलांना शिकवायला माणूस हवा असेल तर. दोन तिकिटं काढतो.”

पलीकडून आईनं काहीतरी विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले. “परतीचं नको. एकही नको.”