एकविसावी फेरी

३ जून
आले एकदाची! प्रयोगशाळेतला पहिलाच दिवस आणि लगेच हातात फ्लास्क. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलं लिपिड, म्हणजे एक स्निग्ध पदार्थ, फ्लास्कमध्ये गोल फिरवायचं. क्लोरोफॉर्म उडून गेला की काचेला सायीसारखा थर उरतो. त्यावर औषधाचं कोमट पाणी घालून हलवलं, की थर सुटतो आणि आपोआप मिटून त्याचे चिमुकले फुगे होतात. मिटताना जवळ असेल ते पोटात घेतात. अशा फुग्यांतून औषध ताईच्या आजारी फुप्फुसांत जाणार आहे. चाचणीच्या यादीत प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी तिचं नाव पहिलं घातलंय. आईमागे ताईनेच मला वाढवलं. तिच्यासाठीच तर ही नोकरी धरली.

५ जून
फुगे लहानमोठे असतात, म्हणून दोन सिरिंजांच्या मध्ये गाळणी बसवून ते इकडून तिकडे दाबायचे. एकवीस वेळा. वीस नाही, बावीस नाही. विषम फेरीला माल पलीकडच्या सिरिंजमध्ये येतो, जिथे न गाळलेला थेंबही कधी गेलेला नसतो. हे शिकवणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे ‘एकवीसबाई’ म्हणतात. चहासुद्धा मोजून ढवळतात म्हणे! हसून हसून पोट दुखलं.

१० जून
ताईचा डोस मीच केला. दाबत असताना तिचा फोन आला. धाप लागली होती, बोलवत नव्हतं. माझा आकडा हुकला. अंदाजाने पुढे मोजलं, वहीत २१ लिहिलं. कुपी भरल्यावर लक्षात आलं, माल अलीकडच्याच सिरिंजमध्ये होता. म्हणजे वीसच. सांगितलं तर नवा डोस पुढच्या महिन्यात. ताई महिना काढेल असं वाटेना. कुपी तशीच पुढे पाठवली.

१२ जून
ताईने वाफेतून औषध घेतलं आणि संध्याकाळी जिना चढली! मी ढसाढसा रडले.

१५ जून
ताईच्या डोसचा उरलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एक मोठा फुगा शेजारच्या फुग्यांना गिळतोय. सकाळपासून दुप्पट झालाय. एकवीसबाईंना दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, कितव्या फेरीला थांबलीस? मी एकवीस म्हणाले.

१७ जून
ताई म्हणते, सगळे आवाज लांबून येतात. तिच्या गालावर तेलकट चमक. पुसली, पुन्हा आली. कपाळाला हात लावायला गेले तर बोट रुतलं — कपाळाला टेकण्याआधीच.

१८ जून
खरं सांगून टाकलं. एकवीसबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, तिच्याजवळ जाऊ नकोस, तिच्याभोवतीचा थर मिटतोय. मला ठाऊक आहे. पण ताई एकटी आहे.

१९ जून
पलंगाभोवती तोच तेलकट पडदा. आत ताई. ओठ हलतात, ऐकू काहीच येत नाही. नखांनी फाडला. जुळला — माझ्या मनगटाभोवती. ताई, माझं चुकलं गं, माझंच —

तारीख माहीत नाही
आत आहे. ताईचा हात सोडलेला नाही. कुणीतरी दाराच्या फटीतून, गाळणीतून दाबावं तसं, आम्हाला दाबतंय. पलीकडे. परत अलीकडे. बाहेर एकवीसबाई मोजतायत.

सतरा. पलीकडे ताईला श्वास येतो. अठरा — अलीकडे नाही येत.

एकोणीस. ताई हसली.

वीस. तिचे ओठ निळे. अजून एकच, बाई, एकच —

बाहेर फोन वाजतोय. बाई, उचलू नका, उचलू न